वाळूच्या ट्रेमधलं ‘जग’

साधारण पाऊण मीटर लांब, अर्धा मीटर रुंद आणि जेमतेम सात सेंटिमीटर खोल असा जस्ताचा एक ट्रे. त्यात वाळू, हाताशी पाणी. शेजारच्या कपाटातल्या छोट्या खणांमध्ये घरं, झाडं, माणसं, जनावरं, कुंपणं, गाड्या. सतत मारामारी करणाऱ्या, भेदरलेल्या किंवा बोलेनाशा झालेल्या मुलांवर उपचार करायला एवढं साहित्य पुरतं.

ते जमवलं लंडनच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. मार्गारेट लोवेनफेल्ड (१८९०–१९७३) यांनी. पहिल्या महायुद्धानंतर पोलंडमध्ये मदतकार्य करताना त्यांनी होरपळलेली मुलं पाहिली होती. त्यांतली काही पुन्हा उमलतात, ती कशाच्या बळावर, हा प्रश्न त्यांनी सोडला नाही. १९२८ मध्ये त्यांनी नॉर्थ केन्सिंग्टन भागात अशा मुलांसाठी दवाखाना काढला. लेखक एच. जी. वेल्स यांचं ‘फ्लोअर गेम्स’ (१९११) हे पुस्तक त्यांच्या मनात होतं. वेल्स आपल्या मुलांबरोबर जमिनीवर बेटं आणि शहरं वसवत. बाईंनी मणी, रंगीत काड्या, चिमुकली खेळणी एका पेटीत ठेवली. १९२९ मध्ये ट्रे आले. मुलांनी पेटीतली खेळणी उचलून वाळूत मांडली आणि त्याला ‘जग’ म्हणायला सुरुवात केली. पद्धतीला नाव तेच पडलं. शोध मुलांचा होता. तो ओळखण्याची नजर बाईंची.

त्याच काळात लंडनमध्ये मनोविश्लेषक मेलनी क्लाइन खेळाचा अर्थ लावून तो मुलाला सांगत. लोवेनफेल्ड यांचा मार्ग वेगळा. काही गोष्टी शब्दांपेक्षा चित्रांत सांगणं सोपं जातं, एवढं त्या आधी मुलाला समजावत. मग शेजारी बसायचं, ‘हे काय आहे?’ विचारायचं, मांडणीचं रेखाटन करून ठेवायचं. एखाद्याने घर वाळूत गाडलं, तरी लगेच निदान करायचं नाही. पुढच्या वेळी ते घर कुठे आहे ते पाहायचं. मला या उपचारातली सगळ्यात कठीण गोष्ट हीच वाटते. मोठ्यांना अर्थ सांगण्याची फार घाई असते.

१९५६ मध्ये स्विस मानसोपचारतज्ज्ञ डोरा काल्फ लंडनला येऊन ही पद्धत शिकल्या आणि स्वित्झर्लंडमध्ये मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांच्या विचारांशी जोडून त्यांनी त्यातून ‘सँडप्ले’ घडवलं.

तुमच्या मुलाला अशा उपचारासाठी नेलंत, तर ते बाहेर आल्या आल्या ‘आज काय केलंस?’ असं विचारू नका. सांगावंसं वाटेल तेव्हा ते सांगेल.