हॅलिकार्नॅसस ऊर्फ बोद्रुम : एका प्राचीन बंदराची ओळख

मंडळाच्या एका सभासदांनीं अलीकडे आम्हांस अशी पृच्छा केली कीं, तुर्कस्तानच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर बोद्रुम नांवाचें जें शहर आहे तेथें लोक समुद्रस्नानासाठीं व नौकाविहारासाठीं जातात असें ऐकतों. परंतु ज्यास जुन्या कागदपत्रांचा व शिलालेखांचा नाद आहे अशा मनुष्यानें तेथें चार दिवस घालवावे, असें कांहीं आहे काय? प्रश्न मार्मिक असल्यामुळें त्याचें उत्तर खाजगी पत्रानें न देतां येथें सर्वांसाठीं देत आहों. उत्तर थोडक्यांत असें कीं, संशोधकानें पाहावें असें तेथें पुष्कळ आहे, आणि त्याहून अधिक तेथून शिकण्यासारखें आहे.

१. स्थान व नांव

एजियन समुद्रांत पश्चिमेकडे घुसलेल्या एका द्वीपकल्पाच्या दक्षिण कांठावर हें शहर वसलें आहे. समोर ग्रीसच्या ताब्यांतील कोस बेट दिसतें. दोन अर्धवर्तुळाकार उपसागर व त्यांच्यामध्यें पुढें आलेलें एक खडकाळ भूशिर, अशी येथील बंदराची रचना आहे. प्राचीन काळीं याचें नांव हॅलिकार्नॅसस. हा प्रांत कॅरिया म्हणून प्रसिद्ध होता. किनाऱ्यावर ग्रीक वसाहत व आंत कॅरियन लोक, अशी मिश्र वस्ती होती. कॅरियन लिपि दीर्घकाळ कोडें होऊन राहिली होती. मिसर देशांत सांपडलेल्या द्वैभाषिक लेखांच्या आधारें १९८० नंतरच्या दशकांत तिचा उलगडा झाला, व १९९६ सालीं कौनोस येथें सांपडलेल्या ग्रीक-कॅरियन लेखानें त्यास पुष्टि मिळाली. पुढें मध्ययुगांत भूशिरावर सेंट पीटरच्या नांवानें किल्ला उभारला गेला. त्या पेत्रोनियम नांवाचें रूपांतर होऊन बोद्रुम झालें, असें सामान्यतः मानितात.

२. हिरोडोटसचें जन्मस्थान

इतिहासाच्या अभ्यासकास हें गांव क्षेत्रासारखें वाटावें याचें मुख्य कारण म्हणजे हिरोडोटसचा जन्म येथें इ. स. पू. ४८४ च्या सुमारास झाला. हस्तलिखितांच्या संग्राहकांस यांतील एक पाठभेद रुचेल. त्याच्या ग्रंथाच्या आरंभवाक्यांत आजच्या पोथ्यांमध्यें ‘हॅलिकार्नॅससचा हिरोडोटस’ असा पाठ आहे. परंतु ॲरिस्टॉटलनें तेंच वाक्य उद्धृत करतांना ‘थूरिओईचा हिरोडोटस’ असें दिलें आहे. थूरिओई ही इटलीच्या दक्षिण भागांतील वसाहत असून हिरोडोटस उत्तरवयांत तेथें जाऊन राहिला होता. म्हणजे ग्रंथकाराचें गांव कोणतें याविषयीं देखील पोथीचा पाठ एकसारखा नाहीं. आपल्याकडील संतकवींच्या गांवांविषयींचे वाद ज्यांनीं चाळले आहेत त्यांस याचें नवल वाटूं नये.

हिरोडोटसनें आपल्याच नगरीची राणी आर्टेमिसिया हिचें वर्णन कौतुकानें केलें आहे. इ. स. पू. ४८० मधील सॅलॅमिसच्या आरमारी लढाईंत ती इराणचा बादशहा झर्क्सिस याच्या बाजूनें पांच जहाजें घेऊन लढली. ही राणी व पुढें येणारी मॉसोलसची पत्नी या एकाच नांवाच्या दोन भिन्न स्त्रिया असून त्यांच्यामध्यें सवाशें वर्षांहून अधिक अंतर आहे. प्रवासवर्णनांत दोघींचा घोटाळा वारंवार होतो, तो वाचकांनीं टाळावा.

भारतवर्षाशीं या प्रदेशाचा संबंध दोन प्रकारें येतो. हॅलिकार्नॅससपासून जवळच उत्तरेस कॅरिआंडा नांवाचें गांव होतें. तेथील स्कायलॅक्स नांवाच्या नाविकास दारयवहु (दरायस) राजानें सिंधु नदीच्या शोधासाठीं पाठविलें. तो नदीच्या प्रवाहानें समुद्रापर्यंत उतरला व तेथून पश्चिमेकडे वळून परत गेला, असें हिरोडोटस आपल्या चौथ्या पुस्तकांत सांगतो. दुसरा संबंध ग्रंथगत आहे. तिसऱ्या पुस्तकांत त्यानें हिंदुस्थानच्या वाळवंटांतील, जमीन उकरून सोनें वर काढणाऱ्या अवाढव्य मुंग्यांची कथा दिली आहे. हिला केवळ भाकडकथा म्हणून हंसणाऱ्यांनीं महाभारताचें सभापर्व उघडावें. युधिष्ठिराच्या राजसूयास उत्तरेकडील खसादि लोकांनीं जो करभार आणला त्यांत ‘पिपीलिक’ नांवाचें, म्हणजे मुंग्यांनीं उकरलेलें, सोनें आहे. दोन्ही ग्रंथांच्या मागें उत्तरेकडील एकच लोकवार्ता असावी हें उघड आहे. याच भागांत झाडावर येणाऱ्या लोकरीचा, म्हणजे आपल्या कापसाचा, उल्लेख आहे.

हिरोडोटसविषयीं नगरीस वाटणारा अभिमान शिलारूपानेंहि सांपडला आहे. बंदराच्या पश्चिम टोंकास सॅल्मॅकिस नांवाचा प्राचीन झरा होता. तेथील एका जुन्या भिंतीवर १९९५ सालीं साठ ओळींचा ग्रीक पद्यलेख उघडकीस आला. इ. स. पू. दुसऱ्या शतकांतील या लेखांत नगरीचें माहात्म्य गाइलें असून तिच्या सुपुत्रांच्या नामावळींत हिरोडोटस व त्याचा आप्त कवि पॅनिॲसिस हे दोघेहि आहेत. आपल्या स्थलपुराणांची आठवण व्हावी असाच हा लेख आहे.

३. मॉसोलसची समाधि

मॉसोलस हा इराणी साम्राज्याचा कॅरियांतील क्षत्रप. इ. स. पू. ३७७ पासून ३५३ पर्यंत त्यानें कारभार केला, व मिलासा येथील राजधानी हलवून हॅलिकार्नॅसस येथें आणली. त्याच्या मृत्यूनंतर त्याची भगिनी व पत्नी आर्टेमिसिया हिनें त्याच्या समाधीचें काम चालविलें. दोन वर्षांत तीहि वारली. प्लिनीच्या वर्णनाप्रमाणें समाधीच्या चौथऱ्यावर ३६ स्तंभ, त्यांवर २४ पायऱ्यांचें निमुळतें शिखर व सर्वांच्या माथ्यावर संगमरवरी चतुरश्व रथ असून एकंदर उंची १४० फूट होती. स्कोपस, ब्रायॅक्सिस, टिमोथिअस व लिओकॅरिस या चार शिल्पकारांनीं एकेक बाजू कोरली. प्राचीनांनीं सप्ताश्चर्यांत तिची गणना केली, आणि युरोपीय भाषांत भव्य थडग्यास ‘मॉसोलिअम’ हें जें नांव पडलें तें या क्षत्रपाचेंच.

इ. स. पू. ३३४ मध्यें अलेक्झांडरनें या शहरास वेढा घातला. इराणच्या बाजूनें ऱ्होड्सचा मेम्नॉन लढत होता. शहर पडलें, व कॅरियाचा कारभार मॉसोलसची दुसरी भगिनी आडा हिच्याकडे देण्यांत आला. तिनें अलेक्झांडरास पुत्र मानिलें होतें. समाधीस मात्र या युद्धांत धक्का लागला नाहीं. ती पुढें दीड हजार वर्षांहून अधिक काळ उभी होती; अखेर भूकंपांनीं तिचा वरील भाग ढांसळला.

४. समाधीचा किल्ला कसा झाला

येथून पुढील भाग आम्ही आमच्या वाचकांनीं विशेष लक्ष देऊन वाचावा असें इच्छितों. तैमूरलंगानें १४०२ सालीं स्मर्ना येथील किल्ला घेतला. तो गमावल्यावर सेंट जॉनच्या धर्मयोद्ध्यांनीं बोद्रुमच्या भूशिरावर नवीन किल्ला बांधण्यास आरंभ केला. दगड हवे होते, व पडलेली समाधि जवळच होती. तिचे हिरवट दगड भिंतींत बसले, कांहीं शिल्पें शोभेसाठीं तटांत चिणलीं गेलीं, आणि पुष्कळसा संगमरवर भट्टींत जाळून त्याचा चुना झाला. १५२२ सालीं सुलेमान बादशहाचें आरमार ऱ्होड्सवर येत असतां घाईनें तटबंदी मजबूत करण्यांत आली, त्या वेळची हकीकत गिशार नांवाच्या फ्रेंच ग्रंथकारानें १५८१ मध्यें छापली आहे. दगड शोधतांना योद्ध्यांस जमिनीखालीं एक शिल्पांनीं मढविलेलें दालन लागलें. त्यांनीं प्रथम त्याची तारीफ केली व मग तें फोडून कामास लावलें. आंतील थडगें रात्रींतून कोणी लुटलें. ही हकीकत बऱ्याच वर्षांनंतर, ऐकीव माहितीवरून लिहिली असल्यामुळें तिचा तपशील जपूनच घ्यावा. परंतु सौंदर्य कळत असतांहि तें फोडणारे हात असतात, एवढें सत्य तींत खासच आहे.

पुढल्याच वर्षाच्या आरंभीं धर्मयोद्धे हा प्रदेश सोडून गेले. ज्या तटासाठीं जगांतील एक आश्चर्य जाळलें, तो त्यांस वर्षभरहि उपयोगीं पडला नाहीं.

तटांतील नक्षीदार पट्ट १८४६ सालीं सुलतानाच्या परवानगीनें काढून इंग्लंडास नेण्यांत आले. नंतर चार्ल्स न्यूटन यानें १८५६ पासून येथें खोदकाम केलें, समाधीची मूळ जागा निश्चित केली, आणि मॉसोलसचा म्हणून ओळखला जाणारा प्रचंड पुतळा, रथाच्या घोड्याचा भाग व तटांतून काढलेले सिंह लंडनच्या ब्रिटिश म्यूझियममध्यें पोंचविले. यामुळें ज्यास समाधि पाहावयाची आहे त्यास पाया बोद्रुमास, दगड किल्ल्यांत व मूर्ति लंडनला अशा तीन ठिकाणीं पाहाव्या लागतात. वस्तु वांचल्या हें खरें; पण त्या मूळ भूमीस पारख्या झाल्या हेंहि तितकेंच खरें. या प्रश्नाची सल आपल्या देशासहि ठाऊक आहे.

न्यूटनच्या खोदकामांतील एका लहान वस्तूविषयीं दोन शब्द लिहिल्यावांचून राहवत नाहीं. ती म्हणजे अलाबास्तर दगडाची एक कुपी. तिच्यावर ‘झर्क्सिस, थोर राजा’ एवढाच मजकूर प्राचीन इराणी, एलामी, बाबिली व मिसरी अशा चार भाषांत कोरलेला आहे. आमचें शिक्षण संस्कृताचें. त्यामुळें इराणी लेखांतील ‘ख्शयार्शा’ हें नांव वाचतांच त्याच्या पूर्वार्धांत वेदांतील ‘क्षयति’, म्हणजे सत्ता चालवितो, हा धातु आम्हांस दिसतो. अशा कुप्या इतरत्रहि सांपडल्या आहेत. परंतु ही कुपी मॉसोलसच्या समाधिस्थानांत मिळाली हें नोंदलेलें असल्यामुळेंच, पहिल्या आर्टेमिसियेस बादशहानें दिलेली भेट पिढ्यान् पिढ्या घराण्यांत जपली गेली असावी, असा तर्क विद्वानांस करतां आला. स्थान ठाऊक नसतें तर ती एक सुंदर कुपी राहिली असती. इतिहासाचा पुरावा झाली नसती.

५. किल्ल्यांतील संग्रहालय

तोच किल्ला आज संग्रहालय आहे. १८९५ पासून तो तुरुंग होता. पहिल्या महायुद्धांत, १९१५ सालीं, फ्रेंच युद्धनौकेनें त्यावर तोफा डागल्या. १९६० नंतरच्या दशकांत त्यांत समुद्रतळाशीं सांपडलेल्या वस्तूंचें संग्रहालय स्थापन झालें. त्यांतील सर्वांत महत्त्वाचा विभाग उलुबुरुन येथील जहाजाचा. इ. स. पू. चौदाव्या शतकाच्या अखेरीस बुडालेलें हें जहाज १९८२ सालीं स्पंज काढणाऱ्या एका पाणबुड्याच्या दृष्टीस पडलें. १९८४ पासून १९९४ पर्यंत, बावीस हजारांहून अधिक बुड्या मारून, प्रत्येक वस्तूची जागा मोजून व नकाशावर मांडून तें उकलण्यांत आलें. सुमारें दहा टन तांबें व एक टन कथील, म्हणजे कांसें ओतण्यास नेमकें लागणारें प्रमाण. निळ्या काचेच्या लगडी, आबनूस, हस्तिदंत व मिसरची राणी नेफर्टिटी हिच्या नांवाची सोन्याची मुद्रा, असा माल त्यावर होता.

परंतु आमच्या वाचकांनीं शोधावी ती वस्तु याहून लहान आहे. डाळिंबें भरलेल्या एका रांजणांत तळहाताएवढ्या दोन लाकडी फळ्या सांपडल्या. हस्तिदंती बिजागरीनें त्या पुस्तकाप्रमाणें मिटतात. आंतील खोलगट भागांत मेण भरून त्यावर लिहावयाचें, अशी योजना. मेण चिकटून राहावें म्हणून लाकडावर आडव्यातिडव्या रेघा ओढलेल्या आहेत. जुन्या पंतोजींच्या धूळपाटीचें स्मरण करून देणारी ही पाटी ‘जगांतील सर्वांत जुनें पुस्तक’ म्हणून दाखविण्यांत येते. मेण नाहींसें झालें, लेख गेला. राहिला तो केवळ पुठ्ठा. तथापि ती कोणत्या रांजणांत, कोणत्या मालाशेजारीं होती हें नोंदलें गेल्यामुळें त्या काळच्या व्यापाऱ्यांच्या हातीं लेखनसाहित्य होतें हें सिद्ध झालें. एकहि अक्षर नसलेली ही पोथी बोलते ती अशी.

६. प्रवाशांस सूचना

उन्हाळ्यांत येथें गर्दी व ऊन दोन्हीं फार. एप्रिल-मे अथवा सप्टेंबर-ऑक्टोबर हे महिने बरे. मिलासच्या बाजूस विमानतळ आहे, व कोस बेटाहून बोटीनेंहि येतां येतें. प्रथम डोंगराच्या उतारावरील प्राचीन नाट्यगृहांत जावें. तेथून संपूर्ण बंदर एका दृष्टिक्षेपांत कळतें. मग खालीं समाधीचें स्थान पाहावें. तेथें आतां एक खोल खळगा व स्तंभांचे तुकडे आहेत. ज्यास अलेक्झांडरच्या वेढ्याचें स्थल पाहणें असेल त्यानें पश्चिमेकडील मिंडॉस दरवाजापर्यंत जावें. तेथील खंदकांत मॅसिडोनियाचे पुष्कळ सैनिक पडले. किल्ला शेवटीं ठेवावा व त्यास संपूर्ण दिवस द्यावा. समाधीचें स्थान आधीं पाहून मग तटाकडे पाहिलें म्हणजे प्रत्येक घडीव दगडापाशीं पाय आपोआप थांबतो.

७. उपसंहार

एक स्वानुभव सांगून लेख पुरा करतों. कांहीं वर्षांपूर्वीं आमच्याकडे एका विक्रेत्यानें मोडी कागदांचा एक गठ्ठा आणला. कागद उत्तम होते. परंतु अधिक किंमत यावी म्हणून त्यानें रुमाल सोडून, मोठ्या शिक्क्यांचे कागद वेगळे काढून, बाकीचे निरनिराळ्या गिऱ्हाइकांस विकले होते. कोणत्या वाड्यांतून ते आले हें त्यास सांगतां येईना. आम्ही ते घेतले. आजतागायत त्यांतील अर्ध्या पत्रांचा संदर्भ लागलेला नाहीं, व त्या व्यवहारांत आमचाहि हात होता हें आम्हांस विसरतां येत नाहीं. तटासाठीं समाधि फोडणाऱ्यांस नांवें ठेवणें सोपें आहे. दप्तर फोडून घेणारे आपण कोण, याचाहि विचार व्हावा. म्हणून आमची सर्व संग्राहक बंधूंस विनंति आहे कीं, कागद हातीं येतांच प्रथम त्याचें प्राप्तिस्थान, रुमालाचा क्रम व सोबतच्या वस्तु यांची टिपणी करावी. वाचन मागाहून करावें. बोद्रुमास जाणें सर्वांस घडेल असें नाहीं, परंतु तेथील हा धडा घरबसल्या आचरितां येईल.