मणक्यांतील गादीची झीज आणि एक्झोसोम उपचार

आषाढात वेल्ह्याच्या खाचरांत भातलावणी सुरू झाली की आमच्या बाह्यरुग्ण विभागात कंबरदुखीच्या रुग्णांची रीघ लागते. चिखलात दिवसभर वाकून रोपे लावणाऱ्या स्त्रिया त्यांत अधिक. अलीकडे त्यांचे नातेवाईक एक नवा प्रश्न विचारतात: “शहरात मूलपेशींच्या एक्झोसोमचे इंजेक्शन देतात म्हणे; जमिनीचा तुकडा विकून ते घ्यावे काय?” काही देणगीदारांनीही या उपचारासाठी निधी देऊ केला. त्या सर्वांसाठी ही माहिती.

पाठीच्या कण्यात मणक्यांच्या मध्ये 23 गाद्या असतात. प्रत्येकीच्या बाहेर चिवट तंतूंचे कडे आणि आत पाणीदार गर. प्रौढ माणसाच्या या गरात रक्तवाहिन्या नसतात. लगतच्या मणक्यांतून झिरपेल तेवढ्याच पोषणावर तेथील पेशी जगतात. त्यामुळे वयानुसार झालेली झीज सहसा भरून येत नाही. बाहेरून मूलपेशी सोडाव्यात, तर त्यांनाही या उपासमारीत तग धरणे कठीण. म्हणून संशोधकांचे लक्ष पेशींऐवजी त्यांनी बाहेर टाकलेल्या सूक्ष्म पिशव्यांकडे, म्हणजे एक्झोसोमकडे गेले. त्यांचा आकार 30 ते 150 नॅनोमीटर. 1983 मध्ये त्या अपक्व तांबड्या रक्तपेशींत दिसल्या, तेव्हा तो पेशींचा केरकचरा समजला गेला. पुढे कळले की त्यांतील प्रथिने व आरएनए दुसऱ्या पेशींपर्यंत निरोप पोहोचवतात. उंदीर व सशांवरील प्रयोगांत अशा एक्झोसोममुळे गादीतील दाह आणि पेशींचा नाश कमी झालेला आढळला आहे.

मात्र माणसाची गादी यामुळे पूर्ववत होते, हे मोठ्या तुलनात्मक चाचण्यांतून सिद्ध झालेले नाही. मात्रा किती द्यावी, प्रत्येक घाण्याचा गुण सारखा कसा राखावा (फराळाचे घाणेही सारखे उतरत नाहीत), हे प्रश्न आहेतच. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने डिसेंबर 2019 मध्ये, नेब्रास्का राज्यातील रुग्णांना गंभीर अपाय झाल्यावर, एक्झोसोमच्या अमान्य उत्पादनांविषयी जाहीर इशारा दिला. आपल्याकडे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्तविकारांतील मान्य प्रत्यारोपण वगळता मूलपेशींचा वापर मंजूर चाचणीबाहेर करणे अनुचित ठरते.

हिशेब पाहणे हे आमचे काम, म्हणून नातेवाइकांस एक खूण सांगतो. खऱ्या चाचणीत संशोधनाचा खर्च रुग्णाकडून घेतला जात नाही, आणि तिची नोंद ‘क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडिया’मध्ये असते. तो नोंदणी क्रमांक मागावा. क्रमांक नाही आणि लाखाची पावती मात्र तयार, तर जमीन विकू नये.

देऊ केलेला निधी देणगीदारांच्या संमतीने आम्ही भौतिकोपचार विभागाकडे वळविला आहे. गादी सरकल्याने पायात जाणारी कळ बहुसंख्य रुग्णांत औषधे, व्यायाम व योग्य हालचालीने काही आठवड्यांत ओसरते. परंतु लघवी अडणे, जांघेत बधिरपणा येणे किंवा पाऊल लुळे पडणे यांपैकी काहीही दिसल्यास लावणी सोडून त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. रात्र असली तरी.