पत्ता कुठे पडला?

पत्त्यांची चित्रलिपी : लेखांक ७

टॅरोच्या ७८ पत्त्यांची ओळख गेल्या आठवड्यात संपली. इथवर आलेला शिकाऊ माणूस पुढे काय करतो ते मला अनुभवानं माहीत आहे. तो पत्ते पिसतो, तीन काढतो, ओळीनं मांडतो आणि पुस्तक उघडून एकेकाचा अर्थ शोधायला लागतो. तिन्ही अर्थ सापडतात, पण लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या अनोळखी पाहुण्यांसारखे ते एकमेकांशी बोलत नाहीत. मी दोन महिने असेच पत्ते काढत होते आणि खापर पत्त्यांवर फोडत होते.

राहून जात होतं ते एवढंच, की पत्ता पडण्याआधी त्याच्या जागेला नाव द्यायचं.

कोकणात, गोव्यात देवाला कौल लावतात ते आठवा. मूर्तीला कळ्या किंवा पाकळ्या चिकटवतात आणि गाऱ्हाणं घालतात. उजवी पडली तर काय समजायचं आणि डावी पडली तर काय, हे सगळ्यांना आधीच ठाऊक असतं. ते ठाऊक नसेल तर खाली पडलेली पाकळी म्हणजे नुसता केर. टॅरोत ज्याला स्प्रेड म्हणतात ती मांडणी हेच काम करते. कौलात दोनच जागा, इथे तीन, पाच, दहा, आणि प्रत्येक जागेला आपला प्रश्न. पत्रिका पाहणाऱ्यांना तर हे समजावायलाच नको. चौथ्या स्थानातला शनी आणि दहाव्यातला शनी यांचं फळ ते एकच सांगत नाहीत.

पत्त्यांना भविष्य कळतं असं मी मानत नाही, हे पहिल्या लेखांकातच सांगून टाकलं आहे. पण मांडणी माणसाला स्वतःच्या गोष्टीकडे ज्या क्रमानं बघायला लावते, त्या क्रमावर माझा विश्वास आहे.

उदाहरण घेऊ. समजा, एका बाईपुढे गावचं घर विकायचं की नाही, असा पेच आहे. ‘विकू का?’ हा प्रश्न मांडणीसाठी निकामी, तो कौलासाठी ठीक. म्हणून आधी प्रश्नच बदलायचा: ‘या निर्णयात मी अडकले आहे ती कुठे?’ पत्ते निघाले चषकांचा छक्का, तलवारींची दुर्री आणि नाण्यांचा अठ्ठा.

भूत-वर्तमान-भविष्य अशी सगळ्यांना पाठ असलेली मांडणी केली, तर वाचन सपाट होतं. छक्क्यात अंगणातला मुलगा लहान मुलीला फुलांनी भरलेला चषक देतोय, म्हणजे बालपण. दुर्रीत डोळ्यांवर पट्टी बांधलेली बाई दोन तलवारी छातीशी फुली करून बसली आहे, म्हणजे आजची घालमेल. अठ्ठ्यात कारागीर बाकावर बसून नाणं ठोकतोय, म्हणजे पुढे कष्ट. खोटं काहीच नाही, पण हे तिला पत्त्यांशिवायही माहीत होतं.

आता तेच पत्ते, जागांची नावं वेगळी. पहिली जागा ‘मी काय बघायचं टाळते आहे?’, दुसरी ‘मला काय धरून ठेवायचं आहे?’, तिसरी ‘या महिन्यात हाताशी काय आहे?’ छक्का ‘टाळते आहे’च्या जागी आला, की डोळा फुलांवरून उडतो आणि चित्राच्या मागच्या बाजूला जातो. तिथे हातात भाला घेतलेला एक माणूस पाठ फिरवून निघून चाललाय. त्या घरातून कोण निघून गेलं होतं, हा प्रश्न आता विचारता येतो. दुर्रीतली बाई ‘धरून ठेवायचं’ म्हटल्यावर वेगळी दिसते. त्या तलवारी तिच्यावर कोणी रोखलेल्या नाहीत, तिनंच पेलल्या आहेत, आणि निर्णय न घेणं हाच तिचा ताबा असू शकतो. अठ्ठ्याचं भाकीत गळून पडतं आणि कामांची यादी उरते: घराचे कागद काढा, गवंड्याला नेऊन दुरुस्तीचा अंदाज घ्या, एका वेळी एक.

हे शक्य होतं ते चित्रकार पामेला कोलमन स्मिथमुळे. तिच्या आधीच्या बहुतेक संचांत लहान पत्त्यांवर नुसते सहा चषक किंवा आठ नाणी असत, आपल्या नेहमीच्या पत्त्यांवर बदाम असतात तसे. तिनं जवळजवळ सगळ्या लहान पत्त्यांवर माणसं आणि प्रसंग आणले. १९०९ साली लंडनच्या रायडर कंपनीनं तो संच काढला. काम फार मोठं आणि पैसे फारच थोडे, असं तिनं त्याच वर्षी छायाचित्रकार आल्फ्रेड स्टीग्लिट्झला कळवलं होतं. संचाला पुढे नाव मिळालं ते प्रकाशकाचं आणि संच आखणाऱ्या आर्थर एडवर्ड वेटचं.

या वेटनंच आपल्या ‘द पिक्टोरियल की टू द टॅरो’ या पुस्तकात दहा पत्त्यांची मांडणी दिली आणि तिला प्राचीन केल्टिक पद्धत म्हटलं. आज जगभर ती केल्टिक क्रॉस म्हणून चालते. प्राचीन वगैरे काही नाही. टॅरोचे पत्तेच मुळी पंधराव्या शतकात उत्तर इटलीत खेळण्यासाठी निघाले, प्राचीन केल्ट लोकांच्या हाती ते येणार कुठून? पण जुनेपणाचा शिक्का मारला की माल खपतो, हे लंडनलाही ठाऊक होतं.

मांडणी मात्र हुशार आहे. पहिला पत्ता मधोमध, दुसरा त्याच्यावर आडवा. मग वर, खाली, मागे, पुढे एकेक, आणि उजवीकडे खालून वर चढत जाणारे चार. मागे-पुढे ठरवायला वेट आधी प्रश्नकर्त्याच्या नावाचा एक पत्ता मध्यभागी ठेवी. त्यातली आकृती जिकडे बघते ती बाजू ‘पुढे’. त्या पत्त्याची निवडही गमतीची: चाळिशीच्या आतल्या पुरुषाला राजा आणि चाळिशी गाठलेल्याला घोडेस्वार! आज बहुतेक रीडर हा पत्ता गाळतात आणि डाव्या-उजव्या बाजू कायमच्या ठरवून टाकतात.

यातल्या दोनच जागांवर थांबते. आडवा पत्ता म्हणजे अडथळा, हे सगळे शिकवतात. मग तिथे सूर्यासारखा हसरा पत्ता आला की नवशिका गोंधळतो. वेटनं त्याची सोय केली आहे. एक तर अडथळा किरकोळ आहे, किंवा एरवी चांगली असलेली गोष्ट या प्रकरणात उपयोगाची नाही. हा दुसरा अर्थ फार कामाचा आहे. आईची माया आडवी पडते, चांगला पगार आडवा पडतो.

नववी जागा ‘आशा आणि भीती’. एकाच पत्त्यात दोन्ही का, म्हणून मी बराच काळ वैतागत असे. मग एका नातेवाइकासाठी पत्ते मांडले तेव्हा तिथे रथ आला, आणि परदेशातली नोकरी मिळेल याचीच त्यांना आशा होती आणि धसकाही त्याचाच होता. तेव्हापासून ही जागा मी कधी गाळत नाही.

दहावा पत्ता निष्कर्षाचा. तो संदिग्ध निघाला तर त्यालाच मध्यभागी ठेवून पुन्हा मांडा, असं वेट सांगतो. माझा सल्ला असा, की नवशिक्यानं तसं करू नये. मनासारखं येईपर्यंत मांडत राहण्याची सवय लागते.

थोडं गणितही लक्षात ठेवा. ७८ पत्त्यांत सूर्य, रथ यांसारखे मोठे पत्ते २२. दहा पत्ते मांडले तर सरासरी तीनेक मोठे निघणारच, त्यामुळे तीन दिसले म्हणून ‘नियतीचा हात’ वगैरे बोलू नका. सहा-सात आले तर भुवई उंचावायला हरकत नाही. आणि ज्याला सगळे घाबरतात तो ‘मृत्यू’ दहा पत्त्यांच्या मांडणीत साधारण दर आठ वेळांतून एकदा येतो. शेजारणीच्या मांडणीत तो आला, तर ती पांढरी पडण्याआधी हा हिशेब तिला सांगा.

या आठवड्याचा अभ्यास: केल्टिक क्रॉसला हात लावायचा नाही. कागदाच्या तीन चिठ्ठ्या करा, प्रत्येकीवर आपल्या शब्दांत एक प्रश्न लिहा, त्या टेबलावर ठेवा आणि मग पत्ते पिसा. निघालेले पत्ते चिठ्ठ्यांवर सरळच ठेवा; उलट्या पत्त्यांचं पुढच्या आठवड्यात बघू. पुस्तक मिटलेलं असू द्या. चित्रात आधी काय दिसलं, कोण कोणाकडे बघतंय, कोणाची पाठ कोणाकडे आहे, ते वहीत तारखेसह उतरवा. पुढे खरोखर काय झालं ते महिन्याभरानं त्याच पानावर, वेगळ्या शाईनं.