‘क्लिअर ऑल’ दाबण्याआधी हा भाग ऐका

सोलापुरातून बोलतोय. आजचा विषय फोनची रॅम, आणि सुरुवात माझ्याच गाढवपणापासून.

जानेवारीत, गड्ड्याच्या दिवसांत, आजोबांना बसवून त्यांच्या यंत्रमागाच्या आठवणी रेकॉर्ड करत होतो. चाळीस मिनिटं झाली असतील. फोन अडखळायला लागला, म्हणून सवयीनं ‘क्लिअर ऑल’ दाबलं. रेकॉर्डरही बंद पडला. फाइल अर्धवट, उघडेचना! आजोबा म्हणाले, “परत सांगतो की रं.” सांगितलंही. पण पहिल्या वेळचं हसू काही आलं नाही.

तेव्हा ठरवलं, ही रॅम भरते कशानं ते बघायचंच.

अँड्रॉइडच्या तळाशी लिनक्सचा कर्नल असतो. (लष्करातला नव्हे, पण हुकूम यांचाच चालतो.) स्टोरेजमधून वाचलेली फाइल तो लगेच टाकून देत नाही, मोकळ्या रॅममध्ये ठेवतो. ही झाली पेज कॅश. आपल्या चादरीच्या दुकानात सारखा खपणारा माल हाताशी, बाकीचा गोदामात, तसंच. फळी रिकामी ठेवून फायदा काय? मूळ प्रत स्टोरेजमध्ये असतेच, त्यामुळे जागा लागली की कॅशमधली प्रत पटकन काढता येते.

खरी गंमत काय काढायचं यात आहे. समजा तुम्ही 2 जीबीचा व्हिडिओ कॉपी करताय. त्यातलं प्रत्येक पान एकदाच लागतं. ‘ताजं ते ठेवा’ एवढाच नियम असता, तर त्या व्हिडिओनं रोजच्या चॅटची, मॅपची पानं बाहेर ढकलली असती. म्हणून कर्नल दोन याद्या ठेवायचा. नवं पान आधी खालच्या यादीत, पुन्हा मागणी आली तरच वरच्या. आणि चुकून कामाचंच पान काढलं तर? 2014 मध्ये लिनक्स 3.15 पासून काढलेल्या पानाच्या जागी छोटी खूण राहते. पान लगेच परत आलं, की कर्नलला आपली चूक कळते आणि ते थेट वरच्या यादीत जातं. डिसेंबर 2022 च्या लिनक्स 6.1 मध्ये गूगलच्या यू झाओ यांचं ‘मल्टी-जेन एलआरयू’ आलं. त्यात दोन याद्यांऐवजी पानांच्या पिढ्याच केल्यात.

अ‍ॅपचा स्वतःचा डेटा मात्र असा टाकता येत नाही, त्याची दुसरी प्रत कुठंच नसते. बहुतेक फोन तो दाबून, लहान करून रॅममध्येच ठेवतात, त्याला झेडरॅम म्हणतात. तेवढ्यानंही भागलं नाही, तर ‘एलएमकेडी’ अ‍ॅप बंद करायला लागतो. आधी मागं पडून राहिलेली. नोटिफिकेशन दाखवत चालू असलेला रेकॉर्डर त्या रांगेत बराच मागं असतो. म्हणजे फोननं त्याला इतक्यात हात लावला नसता! माझ्या फोनच्या ‘क्लिअर ऑल’नं ती रांग बघितलीच नाही.

वर बंद केलेलं अ‍ॅप पुन्हा उघडलं की पहिल्यापासून सुरू, बॅटरीही जास्त खातंय. फोन खरंच अडला, तर जड असेल ते एकच अ‍ॅप बंद करा.

आजोबांचं दुसरं रेकॉर्डिंग पुढच्या भागात. ते दर दहा मिनिटांनी सेव्ह केलंय.