रानछत्रके : प्रकार, काढणी आणि वैद्याचे कर्तव्य

मृग-आर्द्राच्या पावसाने जमीन भिजली की यवतमाळ जिल्ह्यातील घाटंजी, केळापूर, मारेगाव, झरी जामणी या तालुक्यांच्या रानात टेकोडे व सात्या उगवू लागतात. कोलाम, गोंड आणि रानाकाठची इतर कुटुंबे ती वेचतात, घरी खातात, उरलेली आठवडी बाजारात आणतात. याच दिवसांत छत्रके खाऊन उलट्या-जुलाब झालेले रुग्णही वैद्याकडे येतात. म्हणून या द्रव्याचे प्रकार, काढणी आणि विषबाधेतील आपले कर्तव्य यांचा एकत्र विचार येथे केला आहे.

ग्रंथोक्त विचार

सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानाच्या ४६व्या अध्यायात उद्भिद शाकांचे पाच भेद दिले आहेत : पलालज, इक्षुज, करीषज, वेणुज आणि भूमिज. हे वर्गीकरण रंगावर वा आकारावर नाही, तर अधिष्ठानावर आहे. पेंढ्यावरचे दोषशामक, करीषावरचे उष्ण व वातकोपक. भूमिज गुरु असून त्याचा अनुरस भूमीप्रमाणे बदलतो. चरकाचार्यांनी सर्पच्छत्रक वर्ज्य सांगून इतर छत्रजाती शीत, मधुर, गुरु व पीनसकर म्हटल्या आहेत. भावमिश्रांनी संस्वेदज शाके पिच्छिल व दोषल ठरवून त्यांपासून छर्दी, अतिसार व ज्वर संभवतो असे नमूद केले आहे. शुभ्र वर्णाची व स्वच्छ स्थळी, काष्ठावर, वेळूवर वा गोठ्यात उपजलेली छत्रके त्यांनी अल्पदोषकर मानली.

या शेवटच्या विधानाचा अर्धाच भाग लोकांत रूढ झाला आहे. ‘पांढरे ते निर्धोक’ ही समजूत घातक होय. अमानिटा वंशातील काही अतिविषारी छत्रके शुभ्रच असतात. कुरणात व हिरवळीवर उगवणारे, पांढऱ्या टोपीचे आणि हिरवट बीजुकांचे क्लोरोफायलम तीव्र वांती-अतिसार घडवते.

सागवनात ट्रफल का नाही?

ट्रफल या भूमिगत छत्रकाविषयी औषध व्यावसायिकांत अलीकडे कुतूहल आहे. फ्रान्सचे काळे व इटलीचे पांढरे ट्रफल ओक, हेझल अशा वृक्षांच्या मुळांशी सहजीवन करून जमिनीत वाढते. पक्व झाल्यावर त्याचा गंध सुटतो आणि शिकवलेल्या कुत्र्याच्या साहाय्याने ते हुडकून काढतात. पूर्वी डुकरांचाही उपयोग होत असे.

आपल्याकडे त्याच्याशी जवळचे साम्य असलेले द्रव्य म्हणजे बस्तरचा बोडा व झारखंडचा रुगडा. वनस्पतिशास्त्रदृष्ट्या हे खरे ट्रफल नव्हे, ॲस्ट्रियस वंशाचे छत्रक आहे. पावसाळ्याच्या आरंभी सालवृक्षाखालची जमीन किंचित तडकते. तेथे काडीने उकरून ते काढतात. आतील गर पांढरा व घट्ट असेपर्यंतच ते खाद्य असते. गर काळपट व भुकटीसारखा झाला की टाकून देतात. सालाच्या मुळांवर या छत्रकाचे बाह्य आवरण तयार होते. सागाच्या मुळांशी असणारी बुरशी वेगळ्या जातीची, मुळाच्या आत शिरणारी असते. म्हणून आपल्या सागवनात बोड्याची वा ट्रफलची अपेक्षा धरू नये. ‘यवतमाळच्या रानातील ट्रफल’ म्हणून कोणी माल दाखवल्यास तो घेऊ नये.

सात्या : ओळख आणि काढणी

आपल्या रानाचे खरे धन सात्या होय. वाळवी (उधई) वारुळात पालापाचोळ्याच्या छत्त्यावर टर्मिटोमायसिस बुरशी जोपासते. पुरेसा पाऊस झाला की त्या छत्त्यांतून छत्रके वर येतात. मोठ्या जातींची टोपी मध्यभागी टोकदार असते आणि दांडा मुळासारखा लांब होत खाली छत्त्यापर्यंत जातो. बीजुके फिकट गुलाबी असतात. बारीक जातीची सात्या वाळवीने वर आणून टाकलेल्या छत्त्याच्या तुकड्यांवर शेकड्यांनी उगवते. तिला लांब मूळ नसते.

जाणकार पहाटेच निघतात, कारण उमललेली सात्या लवकर किडते. टोपी पुरती उघडण्यापूर्वी दांडा बुडाशी धरून हलके पिळत उपटावा. वारूळ कुदळीने खणू नये. छत्ते शाबूत राहिले तर तेच वारूळ पुढील पावसाळ्यातही सात्या देते. काही छत्रके बीजुकांसाठी राखावीत. वेचलेला माल प्लास्टिकच्या पिशवीत न कोंबता टोपलीत ठेवावा. टिपेश्वर व पैनगंगा अभयारण्यांच्या हद्दीत परवानगीवाचून वेचणी करू नये.

दांडा बुडासह काढण्याचे आणखी एक कारण आहे. अमानिटाच्या बुडाशी पिशवीसारखे आवरण असते. दांडा वरून तोडला तर ही खूण जमिनीतच राहते.

विषबाधा : वेळ विचारा

चांदीचे नाणे वा लसूण काळा पडणे, किड्यांनी खाल्लेले असणे, या परीक्षा निरर्थक आहेत. अमानिटाचे यकृतघाती विष शिजवल्याने वा वाळवल्याने नष्ट होत नाही.

रुग्णास पहिला प्रश्न असावा : खाल्ल्यानंतर किती तासांनी त्रास सुरू झाला? एक-दोन तासांत सुरू झालेले वांती-अतिसार बहुधा पचनसंस्थेपुरते असतात. मात्र अनेक जातींची छत्रके एकत्र शिजलेली असू शकतात, म्हणून तेवढ्याने निश्चिंत होऊ नये. सहा तासांनंतर त्रास सुरू झाला असल्यास यकृतघाती विष गृहीत धरावे. यात एक-दोन दिवसांनी रुग्णास बरे वाटते आणि त्यानंतर यकृत निकामी होऊ लागते. या फसव्या उपशमास आपल्या चिकित्सेचे यश समजून रुग्णास घरी पाठवणे प्राणघातक ठरते. अशा रुग्णास घरगुती उपायांत वेळ न दवडता यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालय रुग्णालयासारख्या सुसज्ज ठिकाणी तात्काळ पाठवावे. सोबत उरलेली भाजी व कच्चे छत्रक कागदात गुंडाळून द्यावे. तेच अन्न खाल्लेल्या इतरांनाही, लक्षणे नसली तरी, तपासणीस पाठवावे.

औषध व्यावसायिकांस विनंती

वाळलेल्या चकत्यांत अधिष्ठान, बूड आणि बीजुकांचा वर्ण या तिन्ही खुणा लोपतात. शेड्यूल टी प्रमाणे कच्च्या मालाची ओळख पटवून नोंद ठेवणे उत्पादकास बंधनकारक आहे. वाळलेल्या रानछत्रकांच्या बाबतीत ते केवळ पाहून साधत नाही. म्हणून अनोळखी वाळलेला माल भाव कमी असला तरी नाकारावा. छत्रक चूर्ण हवेच असेल तर लागवडीच्या, ज्ञात जातीचेच घ्यावे.

पावसाळा सुरू होण्यापूर्वी प्रत्येक वैद्यबंधूने आपल्या गावातील वेचणाऱ्यांशी एकदा बोलावे. कोणत्या वारुळाची सात्या पिढ्यान्‌पिढ्या खाल्ली जाते हे त्यांना ठाऊक असते. सहा तासांचा नियम आपण त्यांना सांगावा.