गणितातला वाणी आणि विजेचे जाळे

अंकगणिताच्या पुस्तकातला वाणी हा मोठा गमतीचा गृहस्थ आहे. तो कधी दोन प्रतींचे तांदूळ मिसळतो, कधी शेकडा दहा नफ्याने गूळ विकतो. त्याचे दुकान कोणत्याही गावात नाही आणि त्याची खातेवही कोणी पाहिलेली नाही. तरीही पिढ्यान् पिढ्या मुले त्याच्याच व्यवहारांवर नफा-तोटा शिकली आणि पुढे खऱ्या बाजारात हिशेबाला चुकली नाहीत. कल्पित आकड्यांवर खरे गणित शिकता येते, हे आम्हां शिक्षकांना नवीन नाही. नवल एवढेच, की अफाट वीजजाळ्यांचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ आज याच युक्तीचा आश्रय घेत आहेत.

वीज ही धान्यासारखी कणगीत भरून ठेवता येत नाही. तिचा फार थोडा भाग साठवता येतो. बाकीची ज्या क्षणी लागते, त्याच क्षणी कोठेतरी निर्माण व्हावी लागते. हा मेळ बिघडला की सेकंदाला पन्नास आवर्तनांचा तिचा ताल ढळतो. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची वाहिनी सुरू झाली आणि दक्षिणेचे जाळे उर्वरित भारताशी एका तालात बांधले गेले. त्यापूर्वी चंद्रपूर जिल्ह्यातील भद्रावतीसारख्या ठिकाणी एकदिश प्रवाहाच्या दुव्यांनी वीज इकडून तिकडे जात असे, पण दोहोंचा ताल निराळा होता. आता बेळगुंदीच्या शिवारातला पंप आणि दिल्लीच्या घरातला पंखा एकाच लयीत फिरतात.

एकत्र कुटुंबात जसा आधार असतो, तशी जबाबदारीही असते. ३० जुलै २०१२ रोजी पहाटे अडीचच्या सुमारास बीना-ग्वाल्हेर ही ४०० किलोव्होल्टची वाहिनी अतिभाराने बंद पडली. तिचा भार शेजारच्या वाहिन्यांवर गेला, त्याही एकामागून एक सुटल्या आणि उत्तर भारत अंधारात बुडाला. दुसऱ्याच दिवशी दुपारी उत्तर, पूर्व आणि ईशान्य असे तिन्ही विभाग कोसळले. ६० कोटींहून अधिक लोकांच्या प्रदेशातील वीज गेली. आगगाड्या वाटेतच उभ्या राहिल्या, खाणींत कामगार अडकले. ताल वेगळा असल्याने दक्षिण भारत तेव्हा वाचला. आज मात्र आपण सारे एकाच साखळीचे दुवे आहोत.

एक वाहिनी तुटली असता उरलेल्या तग धरतील काय, हे आधीच कळणे म्हणूनच अगत्याचे ठरते. पण ते पाहण्यासाठी खरी वाहिनी तोडून कोण पाहणार? हा प्रयोग संगणकावरच करावा लागतो. त्यासाठी कोणते उपकेंद्र कोठे आहे, कोणती तार किती भार सोसते, याचा तपशील हवा. असा तपशील अनेक देशांत गुप्त ठेवतात आणि ते योग्यच आहे. घाव नेमका कोठे घालावा, हे त्यावरून शत्रूलाही समजेल. परिणामी संशोधकांना वर्षानुवर्षे लहान नमुन्यांवर भागवावे लागले. त्यांतला ११८ बिंदूंचा एक प्रसिद्ध नमुना तर १९६०च्या दशकातील अमेरिकी जाळ्याच्या एका भागावरून घेतलेला आहे.

या अडचणीतून गेल्या दशकात वाट निघाली. अमेरिकेत टॉम ओव्हरबाय, ॲडम बर्चफील्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टेक्ससच्या नकाशावर २,००० बिंदूंचे एक कल्पित जाळे उभारले. लोकवस्तीचे आणि वीजकेंद्रांचे आकडे सर्वांना खुले असतात. त्यांवरून कोठे किती वीज लागेल हे ठरवून त्यांनी उपकेंद्रे मांडली आणि ती वाहिन्यांनी जोडली. यातली एकही वाहिनी खरी नाही. परंतु एकूण ठेवण खऱ्या जाळ्यासारखी आहे की नाही, हे त्यांनी आकडेशास्त्राने तपासून घेतले. पुढे पूर्व अमेरिकेसाठी ७०,००० बिंदूंचे जाळेही तयार झाले. कोणाचेही गुपित न फुटता ही जाळी जगभरच्या विद्यार्थ्यांना अभ्यासता येतात.

येथे शिक्षकाच्या अनुभवाने एक इशारा द्यावासा वाटतो. पुस्तकातील प्रत्येक भागाकार निःशेष सुटू लागला, तर खऱ्या हिशेबात बाकी उरताच मूल गोंधळते. कल्पित जाळेही असेच गुळगुळीत झाले, तर त्यावर यशस्वी ठरलेला उपाय प्रत्यक्षात फसेल. त्यात जुन्या तारा हव्यात, वाढत्या शहरांचा ताण हवा, दुरुस्तीसाठी बंद ठेवलेली वाहिनीही हवी. अखेरचा निर्णय तर खऱ्या आकड्यांवर, खऱ्या जाळ्याच्या अभियंत्यांनीच घ्यावयाचा असतो.

शिवाय टेक्ससचे गणित आपल्याला पुरणार नाही. शेतीपंपांना पाळीपाळीने मिळणारी वीज, पावसावर अवलंबून असलेले कोयनेसारखे प्रकल्प, पूर्वेकडील कोळशाच्या प्रदेशापासून दक्षिणेपर्यंतचे अंतर, हे सारे आपल्याच भूगोलाचे विषय आहेत. आपली जनगणना खुली आहे, आपल्या नद्या आणि खाणी नकाशावर आहेत. विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचे मुख्य ठाणे तर आमच्या बेळगावातच आहे. येथल्या मुलामुलींनी भारताच्या नकाशावर असे जाळे विणले, ते संगणकावर शंभरदा पाडले आणि का पडले याचा शोध घेतला, तर २०१२सारखी रात्र पुन्हा येण्याआधी तिची चाहूल लागण्याची शक्यता वाढेल.

वाचकहो, आपल्या घरातील एखादे मूल गणितातल्या वाण्याला कंटाळून ‘हा कोठे खरा आहे?’ असे विचारील, तेव्हा त्याला हे अवश्य सांगावे. तो वाणी खरा नसला, तरी त्याच्याकडून शिकलेला हिशेब खराच असतो.