बंदिवासातील मुले आणि बिनपगारी पाहुणे

लॉस एंजेलिस शहराच्या पूर्व भागात ‘सेंट्रल ज्युवेनाईल हॉल’ नावाचे अल्पवयीन आरोपींचे बंदिगृह होते. १९१२ साली सुरू झालेले हे बंदिगृह, मुलांना ठेवण्यास ते अयोग्य आहे असा निर्णय राज्याच्या नियामक मंडळाने दिल्यानंतर, २०२३ साली रिकामे करण्यात आले. त्याच्या शंभराहून अधिक वर्षांच्या इतिहासात अभिमानाने सांगावे असे फारसे काही नाही. मात्र १९९६ साली तेथील कॅथलिक धर्मसेविका सिस्टर जॅनेट हॅरिस यांनी दोन सहकाऱ्यांच्या साहाय्याने मुलांसाठी लेखनाचे वर्ग सुरू केले, त्याची नोंद घ्यावीच लागेल. हे वर्ग प्रार्थनेचे नव्हते आणि बायबलच्या अभ्यासाचेही नव्हते. बाहेरचे लेखक आणि पत्रकार आठवड्यातून ठरलेल्या दिवशी येत, मुलांपुढे कोरे कागद ठेवीत आणि जे मनात असेल ते लिहा, असे सांगत. यातूनच पुढे ‘इनसाइडआउट रायटर्स’ ही संस्था आकाराला आली.

त्या पहिल्या वर्गांत खुनाच्या आरोपावरून पकडलेला एक सोळा वर्षांचा मुलगा होता. त्याच्यावर प्रौढांच्या न्यायालयात खटला चालून त्याला जन्मठेपेची शिक्षा झाली. त्याचा बचाव नीट मांडलाच गेला नाही, अशी सिस्टर जॅनेट यांची खात्री पटली. मुलाला धीराचे चार शब्द ऐकवून त्या थांबल्या असत्या तर त्यांच्या धर्मकर्तव्यात उणे राहिले, असे कोणी म्हटले नसते. परंतु त्यांनी वकिलांचे उंबरठे झिजवले आणि अखेर एका मोठ्या कायदेविषयक संस्थेने हे प्रकरण विनामूल्य हाती घेतले. मूळ बचाव अपुरा होता या कारणावरून अपील न्यायालयाने शिक्षा रद्द ठरवली. २००६ साली, दहा वर्षांच्या बंदिवासानंतर, तो मुलगा बाहेर आला. २००८ साली त्याच्यावरील आरोपही मागे घेण्यात आले.

हे सारे ज्या काळात घडले तो काळ अमेरिकेतील मुलांच्या दृष्टीने फार वाईट होता. १९९५ साली प्रिन्स्टन विद्यापीठातील राज्यशास्त्राचे प्राध्यापक जॉन डिइउलिओ यांनी ‘सुपरप्रिडेटर’, म्हणजे महाशिकारी, हा शब्द प्रचारात आणला. दयामाया आणि पश्चात्ताप यांचा गंधही नसलेली किशोरवयीन गुन्हेगारांची एक पिढीच्या पिढी समाजावर चालून येत आहे, असे भाकीत त्यांनी केले. विद्वानाच्या तोंडून भीतीचे समर्थन मिळाले की राज्यकर्त्यांचे काम सोपे होते. त्या दशकात बहुतेक सर्व राज्यांनी कायदे बदलून मुलांना प्रौढांच्या न्यायालयात उभे करण्याची वाट रुंद केली. भाकीत साफ खोटे ठरले. त्याच सुमारास अल्पवयीनांची हिंसक गुन्हेगारी ओसरू लागली होती. परंतु एका भाकिताच्या आधारे बांधलेल्या भिंती ते खोटे ठरले म्हणून लगेच पाडल्या जात नाहीत. २००० साली एका दिवसाच्या गणनेत देशभरातील बालबंदिगृहांत एक लाखाहून अधिक मुले होती. ही संख्या सुमारे पंचवीस हजारांपर्यंत उतरण्यास पुढील वीस वर्षे जावी लागली.

विशेष हे की, खुद्द डिइउलिओ यांना आपली चूक उमगली. ते श्रद्धाळू कॅथलिक. मुलांना तुरुंगात डांबण्यापेक्षा चर्चमधील स्वयंसेवकांनी त्यांना हात द्यावा, या मताकडे ते वळले आणि २००१ साली धार्मिक संस्थांच्या समाजकार्यासाठी स्थापन झालेल्या व्हाइट हाउसच्या कार्यालयाचे पहिले संचालक झाले. २०१२ साली अल्पवयीनांना पॅरोलविना सक्तीची जन्मठेप देण्याच्या तरतुदीविरुद्धचा खटला सर्वोच्च न्यायालयापुढे आला, तेव्हा मुलांच्या बाजूने सादर झालेल्या निवेदनावर त्यांचीही सही होती. आपला सिद्धांत चुकला हे जाहीरपणे मान्य करणारे विद्वान कोणत्याही देशात विरळाच.

मग हे स्वयंसेवक तेथे जाऊन नेमके काय करतात? बंदिगृहातील मुलाच्या भोवती जितकी प्रौढ माणसे वावरतात, त्यांतील जवळजवळ प्रत्येकाला त्याच्यापाशी असण्याचा पगार मिळतो. पहारेकरी, शिक्षक, समुपदेशक, परिवीक्षा अधिकारी, वकील, सगळेच. ही माणसे वाईट असतात असे नव्हे. परंतु पाळी संपली की ती घरी जाणार, हे मुलाला पक्के ठाऊक असते. अशा ठिकाणी रविवारची दुपार मोडून कोणी निवृत्त टपाल कर्मचारी किंवा शाळामास्तरीण पदरमोड करून येते, तेव्हा मुलगा प्रथम संशयाने पाहतो. या बाईला यात मिळते तरी काय, हा त्याचा पहिला प्रश्न असतो. ‘काही नाही’ हे उत्तर पटायला त्याला बरेच आठवडे लागतात. ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ रिचर्ड टिटमस यांनी १९७० साली रक्तदानाच्या अभ्यासातून दाखवून दिले की, काही वस्तूंची किंमत देऊ केली की त्या वस्तूंचा कसच उतरतो. माणसाची सोबत ही त्यांपैकीच एक असावी. अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत या प्रकारच्या श्रमाला अजून नीटशी जागा मिळालेली नाही, हे त्या पुस्तकांचे उणेपण होय.

येथपर्यंत सारे ठीक. अडचण येते ती परिणाम मोजू लागल्यावर. या संदर्भात टेक्सास राज्यातील एक प्रयोग मननीय आहे. तो प्रौढ कैद्यांवरील असला तरी त्यातील धडा मुलांनाही तंतोतंत लागू पडतो. १९९७ साली तेथील एका तुरुंगात ‘इनरचेंज फ्रीडम इनिशिएटिव्ह’ हा ख्रिस्ती शिकवणीवर आधारलेला कार्यक्रम सुरू झाला. २००३ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील संशोधकांचा त्यावरील अहवाल प्रसिद्ध झाला. कार्यक्रम पूर्ण करणाऱ्यांपैकी सुटकेनंतर दोन वर्षांत पुन्हा तुरुंगात गेले ते अवघे आठ टक्के. त्यांच्याशी मिळत्याजुळत्या, परंतु कार्यक्रमात नसलेल्या कैद्यांत हे प्रमाण २०.३ टक्के. या आकड्यांचा मोठा गाजावाजा झाला. कॅलिफोर्निया विद्यापीठातील प्राध्यापक मार्क क्लायमन यांनी त्याच वर्षी त्याच अहवालातील दुसऱ्या आकड्यावर बोट ठेवले. कार्यक्रमात दाखल झालेले होते १७७. त्यांतील ‘पूर्ण करणारे’ फक्त ७५. उरलेल्यांपैकी काही मुदतीपूर्वी सुटले, काहींनी मध्येच सोडले, काहींना काढून टाकण्यात आले. या सर्व १७७ जणांचा एकत्र हिशेब केला तर पुन्हा तुरुंगात गेलेल्यांचे प्रमाण निघते २४.३ टक्के, म्हणजे कार्यक्रमात पाऊलही न ठेवणाऱ्यांहून थोडे अधिकच!

त्यातही ‘पूर्ण करणे’ याची व्याख्या पाहण्यासारखी आहे. सुटकेनंतर नोकरी मिळवून ती तीन महिने टिकवली आणि चर्चशी संबंध ठेवला, तरच तो कैदी उत्तीर्ण. आता ज्याने नोकरी टिकवली तो पुन्हा तुरुंगात जाण्याची शक्यता कमीच. त्याचे श्रेय प्रवचनाला द्यायचे की नोकरीला? अशक्त मुलांना परीक्षेचे अर्जच भरू न देता शंभर टक्के निकालाची जाहिरात करणाऱ्या शाळा मराठी शिक्षकांनी पाहिलेल्या आहेत. त्यांना यातली मेख समजावून सांगण्याची गरज नाही.

याचा अर्थ स्वयंसेवकांचे काम व्यर्थ, असा काढणे मात्र तितकेच चुकीचे ठरेल. मिनेसोटा राज्याच्या कारागृह खात्याने २००३ ते २००७ या काळात सुटलेल्या १६,४२० कैद्यांची पाहणी करून २०११ साली निष्कर्ष मांडले. तुरुंगात असताना ज्यांना भेटायला कोणी येत असे, त्यांना पुन्हा शिक्षा होण्याचा धोका तेरा टक्क्यांनी कमी आढळला. आणि उपयोगी ठरलेल्या भेटींत धर्मगुरूंच्या भेटींचाही समावेश होता. दुसरा पुरावा बंदिगृहाबाहेरचा आहे. एकाकी मुलांना प्रौढ स्नेही मिळवून देणाऱ्या ‘बिग ब्रदर्स बिग सिस्टर्स’ या संस्थेच्या कामाची पाहणी चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने दोन गट पाडून झाली होती, त्यामुळे निवडीचा दोष तीत नव्हता. तिच्याच आकड्यांवरून २००२ साली असे दिसून आले की, वर्षभर किंवा अधिक टिकलेल्या मैत्रीने मुलांचे सर्वाधिक भले झाले. उलट जेथे स्नेही तीन महिन्यांच्या आत निघून गेला, तेथे मुलाची स्वतःविषयीची किंमत पूर्वीपेक्षाही घसरली. नाताळात भेटवस्तू घेऊन येणाऱ्या आणि जानेवारीत दिसेनाशा होणाऱ्या सर्व सद्‌गृहस्थांनी हे वाक्य दोनदा वाचावे.

दुसरा प्रश्न सदसद्विवेकाच्या स्वातंत्र्याचा. ‘कायरोस’ या ख्रिस्ती संघटनेचे स्वयंसेवक बंदिवानांच्या शिबिराला जाताना घरी भाजलेली बिस्किटे हजारोंनी घेऊन जातात. तरुण बंदिवानांसाठीच्या तिच्या ‘टॉर्च’ या उपक्रमात शिबिरानंतर काही महिने वैयक्तिक सोबतही असते. बिस्किटांसाठी येणाऱ्या मुलांना हसण्याचे कारण नाही. कीर्तनाला प्रसादापुरती येणारी मुले आपल्याकडेही कमी नाहीत, आणि त्यांतलीच काही पुढे अभंग गाऊ लागतात. परंतु कीर्तनातून उठून घरी जाता येते. कोठडीतून बाहेर पडण्याचा एकमेव मार्ग प्रार्थनागृहातून जात असेल, तर त्या वाटेने गेलेल्या मुलाने धर्म निवडला असे म्हणता येत नाही. आयोवा राज्यात टेक्सासप्रमाणेच चालणारा कार्यक्रम न्यायालयाने २००६ साली घटनाबाह्य ठरवला आणि २००७ साली अपिलातही तोच निर्णय कायम राहिला. सरकारी पैशाने, अधिक सोयीच्या बराकीत, एकाच पंथाची शिकवण दिली जात होती, हा त्यावरील मुख्य आक्षेप होता. श्रद्धेच्या प्रचाराला कुलपाची मदत लागते, ही श्रद्धेच्या दृष्टीनेही फारशी शोभेची गोष्ट नव्हे.

सरकारी पैशाचा हा पेच नवा नाही. ब्रिस्टलच्या मेरी कार्पेंटर या एका युनिटेरियन धर्मोपदेशकाच्या कन्या. राजा राममोहन रॉय यांच्या सहवासाने भारताकडे ओढल्या गेलेल्या या बाई १८६६ साली मुंबईलाही आल्या होत्या. १८५४ साली त्यांनी ‘रेड लॉज’ हे मुलींचे सुधारगृह काढले आणि त्याच वर्षी इंग्लंडात सुधारगृहांचा कायदा झाला. सुधारगृहे चालवायची स्वयंसेवी मंडळींनी आणि दरडोई अनुदान द्यायचे सरकारने, अशी व्यवस्था ठरली. शिवाय मुलाला आधी किमान दोन आठवडे तुरुंगात काढावे लागतील, अशी अटही आली. या अटीला कार्पेंटरबाईंनी कसून विरोध केला, पण ती १८९९ पर्यंत टिकली. आणि दरडोई अनुदान म्हटले की डोकी कमी होऊ न देण्याचा मोह आलाच.

लॉस एंजेलिसच्याच बॉइल हाइट्स भागातील जेझुइट धर्मगुरू फादर ग्रेगरी बॉइल यांनी प्रश्नाचे दुसरे टोक धरले. बालबंदिगृहांत मिस्सा झाल्यावर ते मुलांना आपले कार्ड देत आणि सुटल्यावर येऊन भेटा, असे सांगत. कारण सुटलेला मुलगा त्याच गल्लीत, त्याच टोळीपाशी परत जातो. त्याच्या गळ्यावर आणि कपाळावर टोळीचे गोंदण असते आणि ते पाहून कोणी त्याला कामावर घेत नाही. १९८८ साली त्यांनी अशा मुलांना नोकऱ्या मिळवून देण्याचे काम आरंभिले, १९९२ साली बेकरी काढली आणि त्यातून ‘होमबॉय इंडस्ट्रीज’ उभी राहिली. परस्परांचे वैरी असलेल्या टोळ्यांतील मुले तेथे एकाच भट्टीपाशी पाव भाजतात. स्वयंसेवक डॉक्टर लेझर किरणांनी गोंदण मोफत काढून देतात. एकेका गोंदणाला अनेक बैठका लागतात आणि वेदना बऱ्याच होतात. धर्म कोणता, हे विचारले जात नाही.

२०१० साली या संस्थेचा पैसा संपला. सुमारे तीनशे कामगारांना, म्हणजे बहुतेक सर्वांनाच, कामावरून कमी करावे लागले. फादर बॉइल यांनी स्वतःचेही वेतन थांबवले. त्यानंतरही त्या कमी केलेल्या माणसांपैकी कितीतरी जण सकाळी ठरल्या वेळी येऊन पगाराविना काम करीत राहिले. त्यांतील बहुतेकांचे आयुष्य बंदिगृहांतून गेलेले होते.